पातेरा कुजायची वेळ आणि मुळं जागी व्हायची वेळ

प्रश्न सावंतवाडीकडच्या एका गृहस्थांचा आहे. तो थोडक्यात असा:

"आमच्या कुटुंबाची सात एकरांची जुनी राई आहे. जांभ्यावरची लाल माती, मधून एक व्हाळ (ओढा). वडिलांच्या वेळी गणपतीपर्यंत पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला, कुजून काळा होई. हल्ली पाऊस मे महिन्यातच येतो, मग जूनमध्ये दडी मारतो आणि जुलैत एका रात्रीत इतका कोसळतो की पातेरा व्हाळातून वाहून जातो. मुळं उघडी पडली आहेत. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब (कार्बन) २.८ टक्के म्हणजे 'अत्यंत जास्त' आणि स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत कमी' आलं. याला हवामानबदल म्हणायचं का? खत, चुना किंवा जीवामृत (शेण-गोमूत्र-गूळ आंबवून केलेलं द्रावण) द्यावं का? वारुळावरची अळंबीसुद्धा दोन वर्षं आलेली नाहीत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?"

खत देऊ नका. चुनाही नको. उत्तर लांबणार आहे, पण तुम्ही वाचता वाचता दुकान गाठण्याआधी एवढं सांगून टाकतो.

आधी तुमचा अहवाल. माती परीक्षणाच्या कागदावर जी 'कमी, मध्यम, जास्त' अशी प्रतवारी छापलेली असते, ती शेतजमिनीसाठी बेतलेली आहे. तिच्यात एक टक्क्याच्या वर सेंद्रिय कर्ब गेला की 'अत्यंत जास्त'. जंगलाची माती या फूटपट्टीवर नेहमीच वरच्या टोकाला जाणार. त्यामुळे २.८ टक्के आकडा पाहून निर्धास्तही होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. राईची माती पूर्वी ४ टक्क्यांवर होती आणि आता २.८ वर आली, अशी गोष्ट असेल तर ती त्या एका शब्दामागे पूर्ण लपून जाते. दुसरं असं की नमुना तुम्ही बहुधा शेतासारखा घेतला असणार, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून वीतभर खोल. जंगलात सगळा खेळ वरच्या दोन-तीन बोटांत चालतो. ती दोन बोटं खालच्या लाल मातीत मिसळली की जो आकडा हाती येतो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो.

स्फुरदाचंही तसंच. आम्लधर्मी लाल मातीत उपलब्ध स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात, काळ्या किंवा चुनखडीच्या जमिनीत ऑलसेन पद्धतीने. तुमचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास असणार, तेव्हा प्रयोगशाळेने कुठली पद्धत वापरली ते एकदा विचारून घ्या. पद्धत बरोबर असली तरी आकडा कमीच येईल, कारण जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं धरून ठेवतं की अर्काच्या हाती फारसं काही लागत नाही. झाडांना मात्र त्याच मातीत शेकडो वर्षं पुरेसं मिळत आलं आहे. ते कसं, हे नीट समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी तुम्हीच द्याल.

काळ्या जमिनीत खनिज मातीच अन्नाचं कोठार असते. जांभ्यावर तसं नाही. इथला चिकणमातीचा कण गरीब आहे, कॅल्शियम-पोटॅश धरून ठेवायची त्याची ताकद थोडी. धरून ठेवण्याचं काम मुख्यतः कुजलेला काळा अंश करतो. राईची खरी संपत्ती तीन जागी असते: उभ्या झाडांत, पडलेल्या पातेऱ्यात आणि त्याखालच्या दोन बोटं काळ्या थरात. या तिघांत ती सतत फिरत राहते. पान गळण्याआधी झाड त्यातलं निम्मं किंवा त्याहूनही जास्त नत्र-स्फुरद परत ओढून घेतं. उरलेलं खाली पडतं, त्यावर बुरशी, जिवाणू, वाळवी, पैसे-किडे, गांडुळं बसतात, आणि ते सुटं होताहोताच मुळं आणि मुळांवर वाढणारी मित्रबुरशी ते उचलतात. श्रावणात पातेरा हळूच उचलून पाहा. खालच्या ओल्या पानांना पांढऱ्या तंतुमुळांची जाळी चिकटलेली दिसेल. पानातून सुटलेला स्फुरद लोहाच्या तावडीत जाण्याआधीच तिथे उचलला जातो. खाली प्रयोगशाळेला 'अत्यंत कमी' दिसतं ते म्हणूनच.

या फिरत्या संपत्तीचा ढोबळ हिशोब मांडू. आपल्याकडच्या निमसदाहरित जंगलात वर्षाला हेक्टरी ५ ते १० टन पालापाचोळा पडतो असं धरायला हरकत नाही. ७ टन घ्या. त्यात नत्र एक टक्का म्हणजे ७० किलो, आणि स्फुरद ०.०५ टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन किलो. आता डीएपी या नत्र-स्फुरदाच्या रासायनिक खताची एक ५० किलोची गोणी पाहा. गोणीवर स्फुरद ऑक्साइडच्या रूपात मोजतात; तिच्यातलं ते २३ किलो 'स्फुरद' मूलद्रव्याच्या हिशोबात १० किलो भरतं. म्हणजे जो स्फुरद हेक्टरभर जंगल वर्षभर जपून फिरवतं, त्याच्या जवळजवळ तिप्पट तुम्ही एका गोणीत ओताल. ते झाडांना मिळणार नाही. थोडं लोहाला जाईल, थोडं व्हाळाला आणि बाकीचं रानमोडी या माजणाऱ्या तणाला.

हे मी अनुभवाने सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका संस्थेच्या देवराई पुनरुज्जीवनाच्या कामात मी सल्लागार होतो. तिथे मोकळ्या पडलेल्या तुकड्यात शेणखत आणि थोडा चुना घाला असा सल्ला मीच दिला होता. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला. दोन पावसाळ्यांनी त्या तुकड्यात पुरुषभर रानमोडी माजली आणि खाली जांभूळ-कुंभ्याची आपोआप आलेली रोपं गुदमरून मेली. ती रानमोडी आजतागायत पूर्ण हटलेली नाही. जीवामृताबद्दलही माझं हेच म्हणणं. शेतात त्याचा उपयोग होतो की नाही हा वाद वेगळा. ज्या मातीत आधीच जिवाणूंची जत्रा भरलेली आहे तिथे बादलीभर पाहुणे नेऊन सोडण्यात अर्थ नाही.

आता मुख्य प्रश्न, हवामानाचा. लोक 'तापमानवाढ' ऐकतात आणि माती भाजून निघते आहे असं चित्र डोळ्यांसमोर आणतात. सह्याद्रीच्या या बाजूला मला सगळ्यात जास्त काळजी वेळापत्रकाची वाटते. पातेरा कुजायची वेळ आणि मुळांनी ते अन्न उचलायची वेळ, ही जोडी पावसाने जुळवलेली होती. ती आता विस्कटते आहे.

जुनं वेळापत्रक आठवा. पानगळ पौष ते चैत्र. पातेरा सुका पडून राहतो, कुजणं जवळजवळ बंद, कारण ऊन कितीही असलं तरी ओल नाही. रोहिणीत एखादा वळीव. मग मृगात पाऊस बसतो, आर्द्रात मुरतो. कोरडी माती पहिल्यांदा भिजते तेव्हा एक गंमत होते. उन्हाळ्यात मेलेले जिवाणू स्वतःच खाद्य बनतात, मातीच्या ढेकळांत कोंडलेला सेंद्रिय अंश मोकळा होतो, आणि काही दिवसांत नत्राचा एक लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली यावर सविस्तर लिहिलं, म्हणून तो 'बर्च परिणाम' म्हणून ओळखला जातो. आपल्या शेतकऱ्याला हे नावाशिवाय ठाऊक होतंच. पहिल्या पावसाने आलेली हिरवाई पुढच्या कुठल्याच पावसाला येत नाही. (मातीचा तो वास येतो तोही याच मंडळींपैकी एका गटाचा, ॲक्टिनोमायसीट जिवाणूंचा.) जुन्या वेळापत्रकात हा लोंढा सुटायचा तेव्हाच तंतुमुळंही फुटायची, कारण ओल टिकून असायची. लोंढा एकदाच यायचा आणि झेलला जायचा.

आता २०२५ चं वर्ष घ्या. मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, एरवीच्या तारखेपेक्षा दोन आठवड्यांहून अधिक आधी. कोकणात मे महिन्याच्या उत्तरार्धात धो-धो पाऊस झाला आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून रेंगाळला. दोन वर्षं आधी, २०२३ चा ऑगस्ट हा देशभराचा हिशोब करता १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. राईच्या मातीच्या दृष्टीने याचा अर्थ असा: पातेरा भिजतो, लोंढा सुटतो, मुळं अजून तयार नाहीत. मग माती पुन्हा वाळते, बरेचसे जिवाणू पुन्हा मरतात. पुन्हा पाऊस, पुन्हा लोंढा. एका मोठ्या लोंढ्याऐवजी तीन-चार लोंढे, आणि त्यातला एखादा नेमका अशा दिवशी येतो जेव्हा वरून दोनशे मिलिमीटर पाऊस पडत असतो. नत्र नायट्रेटच्या रूपात असेल तर मातीचा वरचा थर त्याला धरून ठेवू शकत नाही, ते पाण्याबरोबर चालू पडतं. एकटं जात नाही. विद्युतभार जुळवायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यांना सोबत घेऊन जातं. आधीच गरीब आणि आंबट माती आणखी गरीब आणि आणखी आंबट होते. हे एका वर्षात दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांत दिसतं, तेही आधी पानांच्या रंगात आणि नवीन रोपांच्या संख्येत, प्रयोगशाळेच्या कागदावर बऱ्याच उशिरा.

मुसळधारेचं काय? इथे मापन पक्कं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की पश्चिम किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, उलट याच पट्ट्यात तो घटला आहे. अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. २२ जुलै २०२१ च्या त्या दिवसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीये गाव दरडीखाली गेलं. दरडी सगळ्यांना दिसतात. दरड न कोसळता उतारावरून निघून गेलेला एक मिलिमीटर थर कुणाला दिसत नाही.

त्या एका मिलिमीटरचा हिशोब पाहा. हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, वजनाने साधारण १० टन. हा सगळ्यात वरचा थर, म्हणून त्यात कर्ब ४ टक्के धरू: ४०० किलो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण १३ ला १ धरलं तर ३० किलो नत्र. वर्षभराच्या पातेऱ्यात फिरणारं नत्र ७० किलो, हे वर आलंच आहे. म्हणजे एका रात्रीत त्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त नत्र व्हाळात. तुमची मुळं उघडी पडली आहेत याचा अर्थ एक मिलिमीटरवर हे थांबलेलं नाही.

तापमानाकडे मी मुद्दाम नंतर वळतो आहे, कारण त्याबद्दल जगभरातले आकडे उचलून आंबोलीला चिकटवायची खोड लागली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत तारा पुरून माती पाच अंशांनी गरम ठेवली आहे. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कर्ब उडाला. तोही सरळ रेषेत नाही. आधी जोरात, मग काही वर्षं थांबला, मग पुन्हा. सोपं खाद्य संपलं की जिवाणूंची वस्तीच बदलली आणि पूर्वी न खाल्लं जाणारं नव्या मंडळींनी खायला घेतलं, असा त्याचा अर्थ लावतात. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर, म्हणजे आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात, माती चार अंशांनी तापवली तेव्हा दोन वर्षांतच तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. 'उष्ण प्रदेशातल्या मातीला उष्णतेची सवय असते, तिला काय होणार' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. या प्रयोगाने माझं तोंड बंद केलं.

तरीही आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. पनामात कोरडा काळ चारेक महिन्यांचा. आपल्याकडे दिवाळीनंतर मेपर्यंत वरचा थर जवळजवळ वाळलेला. कोरड्या मातीत दोन अंश वाढले काय आणि चार वाढले काय, कुजणारं फारसं काही नाही. उष्णतेचा परिणाम ओल असताना होणार: पावसाळ्यातल्या उबदार रात्री, लांबलेला परतीचा पाऊस, कार्तिकातली ओल. आणि तुमच्या हातात असलेली एक गोष्ट याहून मोठी आहे. एप्रिलच्या दुपारी थर्मामीटर घेऊन राईच्या गाभ्यात मातीत बोटभर खुपसा, मग बाहेर उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या पठारावर, खुपसा. दहा-बारा अंशांचा फरक सहज दिसतो. एक मोठं झाड पडून छप्पर उघडं पडलं की त्या जागेची माती शतकभराच्या हवामानबदलापेक्षा जास्त तापते, आणि तेही एका उन्हाळ्यात.

'हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडं जोमाने वाढतील, मातीला जास्त पाचोळा मिळेल' हा युक्तिवादही कधीतरी तुमच्या कानावर पडेल. सिडनीच्या पश्चिमेला निलगिरीच्या जुन्या जंगलात नेमका हाच प्रयोग झाला. झाडांना जास्त कार्बन डायऑक्साइड दिला, त्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कर्ब शोषलाही, पण वाढ झाली नाही. ती माती स्फुरदाला दरिद्री. शोषलेला कर्ब मुळांवाटे मातीत गेला आणि जिवाणूंच्या श्वासातून परत हवेत. जांभ्यावर याहून वेगळं काही होईल अशी आशा मी तरी धरत नाही.

वादळांचं थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते तुमच्या किनाऱ्यासमोरून गेलं. अशा वेळी जो पाला पडतो तो हिरवा असतो. झाडाने त्यातलं नत्र-स्फुरद परत घेतलेलं नसतं. असा पाला भराभर कुजतो आणि त्यातून एकदम खूप अन्न सुटतं, नेमकं तेव्हा जेव्हा झाडांची मुळं हादरलेली असतात. १९८९ मध्ये ह्युगो वादळानंतर पोर्तो रिकोच्या जंगलातल्या ओढ्यांत नायट्रेट वाढलेलं दिसलं ते यामुळेच. म्हणून वादळानंतर 'साफसफाई' करू नका. वाटेवरचं तेवढं हटवा. पडलेलं खोड आडवं राहू द्या. ते स्वतः नत्राला गरीब असतं, म्हणून त्याला कुजवणारी बुरशी आजूबाजूचं सुटलेलं नत्र ओढून धरून ठेवते. फुकटचा बंधारा मिळतो तो वेगळाच.

आता जरा अप्रिय बोलतो. तुमच्या राईचं जे झालं त्यातलं सगळं हवामानाच्या खात्यावर टाकू नका. मी सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडातल्या जितक्या राया पाहिल्या त्यातल्या बहुतेकांत तीन गोष्टी आधीपासून चालू होत्या. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पेरणीआधी भाजायला, पातेरा आणि कवळ (तोडलेल्या पानांच्या फांद्या) बाहेर नेणं. देवळाभोवतीचं आवार 'स्वच्छ' दिसावं म्हणून झाडलोट करून पातेऱ्याचा ढीग पेटवणं, आणि हे अलीकडे फार वाढलं आहे. आणि फाल्गुन-चैत्रात बाहेरून आत शिरणारा वणवा. आगीत नत्र दोनशे अंशांच्या पुढे उडायला लागतं. स्फुरद, पोटॅश, कॅल्शियम बहुतांशी राखेत राहतात, पण राख उतारावर कितीशी टिकणार? पूर्वी ती मृगाच्या रिपरिपीत मुरत असे. मेमध्येच शंभर मिलिमीटरचा सपाटा आला की सरळ व्हाळात. राब भाजणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं म्हणून ते निर्धोक होतं असं नाही, आणि ते सगळंच वाईट होतं असंही नाही. मऊ पडणाऱ्या पावसाच्या जोरावर ते निभावत होतं, तो जोर आता गेला.

तेव्हा काय करायचं? राईतून पातेरा बाहेर जाऊ देऊ नका. राबाला हवा असेल तर बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, दोन-तीन वर्षांत भरपूर पाला मिळतो, आणि त्यात नत्रही जास्त. देवळाचं अंगण झाडावंच लागतं, तर तो पातेरा पेटवण्याऐवजी मुळं उघडी पडलेल्या जागी नेऊन पसरा. पहिल्या मुसळधारेत तो टिकावा म्हणून त्यावर सुक्या फांद्या आडव्या टाका. जाळरेषा काढायची ती राईच्या हद्दीबाहेर, जानेवारी संपायच्या आत. रेषेतून निघालेला पाला आत टाका.

व्हाळाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा पावसात छत्री घेऊन उभं राहून पाहा. उन्हाळ्यात त्या कळत नाहीत. जिथे पाणी एकवटतं तिथे पडलेली फांदी, दगड, काटक्या समतल रेषेत आडव्या ठेवा, म्हणजे पाणी पसरेल आणि गाळ मागे अडकेल. राईच्या आत समतल चर मात्र खणू देऊ नका, कुणी योजना घेऊन आलं तरी. उघड्या माळावर चर ठीक आहेत. जुन्या झाडांखाली चर खणणं म्हणजे ज्या तंतुमुळांनी वरचा थर धरून ठेवला आहे तीच तोडणं. याबद्दल माझे काही सहकाऱ्यांशी वाद झाले आहेत आणि मी मागे हटलेलो नाही. व्हाळाकाठी सखल, पाणथळ जागा असेल तर तिचं पाणी काढून टाकू नका. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून तिथे काळी माती साचत राहते. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल सवड काढून एकदा पाहून या.

मोजायचं असेल, आणि मोजाच, तर महागड्या चाचण्यांची गरज नाही. नायलॉनच्या मच्छरदाणीच्या कापडाच्या वीतभर पिशव्या शिवा. प्रत्येकीत वाळलेली दहा ग्रॅम पानं भरा, एकाच झाडाची, समजा किंजळ किंवा ऐनाची. वीस पिशव्या मेच्या मध्यावर पातेऱ्याखाली ठेवा आणि दर महिन्याला चार काढून, धुऊन, उन्हात वाळवून सोनाराच्या काट्यावर वजन करा. सोबत एक साधं पर्जन्यमापक ठेवा. हे पाच वर्षं केलंत तर पाऊस कसा पडला की कुजणं कसं झालं याची तुमच्या राईची स्वतःची नोंद तयार होईल, आणि तशी नोंद कुठल्याही अहवालात विकत मिळत नाही. मातीचा नमुना दरवर्षी एकाच काळात घ्या, दिवाळीनंतर. वरचे पाच सेंटिमीटर वेगळे, पाच ते पंधरा वेगळे. पातेरा बाजूला सारून, पण काळा थर खरवडून न टाकता. तोच बहुतेक जण कचरा समजून टाकतात.

तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख होता की मेव्हणे मेळघाटात असतात आणि हेच त्यांच्याकडेही लागू आहे का. थोडंच. तिथे बेसाल्टवरची माती कॅल्शियमने श्रीमंत आहे आणि साग कॅल्शियमवर जगतो, म्हणून धुऊन जाण्याची भीती तुलनेने कमी. तिथली अडचण आग. सागाच्या थाळीएवढ्या पानावरून पावसाचे बारीक थेंब एकत्र होऊन मोठे थेंब बनून पडतात. खाली पाचोळा असेल तर तो मार झेलला जातो. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून तो जाळलेला असेल तर तोच थेंब उघडी माती फोडतो.

राहिली अळंबी. तुम्ही शेवटी विचारलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी नोंद तीच आहे. वारुळावर येणारी अळंबी ही वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीची फळं. वाळवी पातेरा आणि सुकं लाकूड कुरतडून आत नेते, त्यापासून बुरशीची शेती करते आणि पुरेशी सलग ओल मिळाली की त्या बुरशीचे देठ माती फोडून वर येतात. राईतला कितीतरी पातेरा या मार्गाने कुजतो. अळंबी न येण्याची कारणं दोन तरी असू शकतात. एक, आषाढात जो सलग रिपरिपीचा आठवडा लागतो तो मिळाला नसेल. दोन, वाळवीला खायलाच कमी मिळत असेल किंवा ती वस्तीच मेली असेल. फरक ओळखणं सोपं आहे. मृगानंतर संध्याकाळी वारुळातून पंखवाली वाळवी उडाली का ते पाहा, आणि वारुळाच्या अंगाला ताज्या ओल्या मातीचं लिंपण आहे का ते बोटाने चाचपा. दोन्ही असेल तर वस्ती जिवंत आहे आणि अळंबी पावसासाठी अडली आहेत. दोन्ही नसेल तर आसपास कुणी सुपारी-काजूच्या बागेत वाळवीचं औषध ओतलं आहे का याची चौकशी करा. वारूळ उकरून आत बघायचा मोह आवरा. गेल्या दोन वर्षांत अळंबी आली नाहीत म्हणालात, तर ती शेवटची कुठल्या नक्षत्रात आली होती हे घरातल्या बायकांना विचारून मला कळवा. वेचायला त्याच जात असणार, त्यांना तो दिवससुद्धा आठवत असेल.